टाचणाचा वाचक कोण?

मराठी गद्याचा विचार करताना आपण बखरी घेतो, कैफियती घेतो, पत्रे आणि रोजनिशा घेतो. अलीकडे जाहिरातींची आणि सरकारी परिपत्रकांची भाषाही अभ्यासाचा विषय झाली आहे. पण ज्या गद्याची पाने गावोगावच्या शाळांत दर आठवड्याला लिहिली जातात, तपासली जातात आणि वर्षअखेर कपाटात जातात, त्या गद्याकडे समीक्षेने पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. हे गद्य म्हणजे शिक्षकाचे टाचण. येत्या आठवड्यात कोणत्या इयत्तेला, कोणत्या तासाला, काय आणि कसे शिकवायचे याची आधीच करून ठेवलेली नोंद. कुठे ती रोजची असते, कुठे आठवड्याची. तिच्या वर घटक नियोजन असते आणि त्याच्याही वर वार्षिक नियोजन. डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या कुणालाही सराव पाठांच्या दिवसांतले टाचण विसरता येत नाही.

या लेखात मी टाचण हा एक गद्यप्रकार मानून वाचणार आहे. इयत्ता सहावी ते आठवी, विषय मराठी आणि सामाजिक शास्त्रे, प्रदेश बुलढाणा जिल्हा, एवढीच मर्यादा मी घातली आहे. त्याला कारण आहे. अपूर्णांकांचा गुणाकार मेहकरात आणि मिरजेत सारखाच असतो, त्यामुळे गणिताचे टाचण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात उचलून नेले तरी फारसे बिघडत नाही. भाषा आणि समाज मात्र वीस-पंचवीस कोसांवर बदलतात. म्हणून टाचणाची खरी परीक्षा या दोन विषयांत होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या काही शिक्षकांनी विश्वासाने आपल्या वह्या मला पाहू दिल्या. त्यांची आणि त्यांच्या शाळांची नावे इथे येणार नाहीत. ती यावीत असे या लेखाच्या मुद्द्यात काही नाही, कारण प्रश्न व्यक्तींचा नसून लेखनप्रकाराचा आहे.

१

‘टाचण’ हा शब्द मोठा नेमका आहे. टाचणे म्हणजे तात्पुरते जोडून ठेवणे. पक्की शिवण घालण्याआधी शिंपी कापडाचे दोन तुकडे टाचून घेतो, आणि काम झाले की तो दोरा काढून टाकतो. टाचणी याच कुळातली. टाचण लिहिणाऱ्याकडून भाषेने केलेली अपेक्षा या शब्दातच दिसते: विसरू नये म्हणून, स्वतःपुरते, थोडक्यात, आणि गरजेप्रमाणे उसवता येईल असे लिहावे. म्हणजे मूळ कल्पनेत टाचणाचा लेखक आणि वाचक एकच आहे. सोमवारचा शिक्षक गुरुवारच्या स्वतःसाठी लिहितो.

प्रत्यक्षातले पान कसे असते? मी पाहिलेल्या वह्यांतून एक सरासरी पान तयार केले, तर ते साधारण असे दिसेल. विषय: इतिहास. इयत्ता: सातवी. घटक: मराठी सत्तेचा विस्तार. उद्दिष्ट: विद्यार्थ्यांना मराठी सत्तेच्या विस्ताराची माहिती होण्यास मदत करणे. अध्ययन अनुभव: शिक्षक प्रश्नोत्तरांद्वारे पूर्वज्ञान जागृत करतील, नकाशाच्या साहाय्याने माहिती सांगतील, विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील व चर्चेत सहभागी होतील. साहित्य: नकाशा, चित्रे, पाठ्यपुस्तक. मूल्यमापन: विद्यार्थी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देतील. स्वाध्याय: पाठाखालील प्रश्न सोडवून आणणे.

हे पान कुणाच्या आळसाचे नाही. अक्षर सुवाच्य असते, रकाने आखलेले असतात, तांबड्या शाईने मथळे दिलेले असतात. तरीही ते वाचून होते तेव्हा त्या तासाबद्दल आपल्याला काहीच कळलेले नसते. असे का होते, ते पानाच्या व्याकरणात शोधता येते.

पहिली गोष्ट क्रियापदांची. सगळी वाक्ये भविष्यकाळी आहेत आणि त्या भविष्यकाळात शंकेला जागा नाही. विद्यार्थी ऐकतील, समजून घेतील, उत्तरे देतील. एखाद्याला समजणार नाही, एखादी मुलगी भलताच प्रश्न विचारील, पालखेड नेमके कुठे असे कुणी विचारले तर शिक्षकालाच नकाशाकडे वळावे लागेल, ही शक्यता या काळात बसत नाही. आपण हा काळ सरकारी आश्वासनांत ऐकतो.

दुसरी गोष्ट कर्त्याची. लिहिणारा स्वतः शिक्षक आहे, पण तो स्वतःला ‘शिक्षक’ म्हणतो. ‘मी विचारीन’ असे वाक्य मला या वह्यांत जवळपास आढळले नाही. स्वतःसाठी लिहिणारा माणूस स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करीत नाही. तसे तो करतो तेव्हा समोर तिसरा कुणी बसलेला असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘प्रश्न विचारतील’ असे लिहिले आहे, प्रश्न लिहिलेला नाही. टाचणाची गरज खरे तर याच जागी असते. चांगला प्रश्न तासाला उभ्याउभ्या सुचत नाही. तो आदल्या रात्री सुचावा लागतो, खोडून पुन्हा लिहावा लागतो. सबंध पानातून प्रश्नच वगळला की बाकी उरते ती चौकट.

मराठीच्या टाचणातही हेच. ‘विद्यार्थी कवितेचे तालासुरात गायन करतील, नवीन शब्दांचे अर्थ सांगतील, कवितेचा आशय समजून घेतील.’ इथे आशय एकवचनी आहे आणि तो आधीच ठरलेला आहे. कविता कोणती हे झाकून ठेवले, तर ते टाचण कोणत्याही कवितेला चालेल. समीक्षेत असे वाक्य कुणी लिहिले तर आपण त्याला कविता वाचलेली नाही असे म्हणू. शिक्षकाने कविता वाचलेली असते. पण वाचताना त्याला जे वाटले ते लिहायला या पानात जागा नसते.

याच वह्यांच्या समासात मात्र कधीकधी पेन्सिलीने काही वेगळे लिहिलेले दिसते. वेचणीमुळे न आलेल्या मुलांची संख्या, एखादा न समजलेला शब्द, पुढच्या तासाला घरून आणायची वस्तू. ती दोन-तीन शब्दांची टिपणे हेच खरे टाचण. ते समासात आहे, आणि पेन्सिलीने आहे, कारण तपासणीआधी ते खोडता यावे.

२

हा प्रकार असा का झाला, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. पाठाच्या पायऱ्या आखण्याची रीत जर्मन तत्त्वज्ञ हर्बर्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारातून आली. हर्बर्टने स्वतः चार अवस्था सांगितल्या होत्या. त्याचे अनुयायी त्सिलर आणि राइन यांनी त्यांच्या पाच केल्या आणि इंग्रजी अध्यापन विद्यालयांमार्फत ती ‘पंचपदी’ आपल्याकडे आली. विचार कसा वाढतो याचे हर्बर्टचे वर्णन पाठ कसा घ्यावा याचा नियम झाले, आणि पुढे पाठ कसा लिहावा याचा नमुना झाले. त्यानंतर ब्लूम यांची १९५६ मधील उद्दिष्टांची वर्गवारी आली. आपल्या राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. २०१७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अध्ययन निष्पत्ती आल्या आणि इयत्ता, विषय, क्रमांक दाखवणारे त्यांचे सांकेतिक अंकही आले. या प्रत्येक विचारात तथ्य आहे. पण प्रत्येक नवा विचार टाचणात एक नवा रकाना म्हणून शिरला आणि जुना रकाना काही गेला नाही. आज एकाच पानावर हर्बर्टची पायरी, ब्लूमचे उद्दिष्ट आणि निष्पत्तीचा क्रमांक शेजारी नांदतात. शिक्षकाला लिहायला उरते ती या तिघांमधली फट.

दुसरा धागा तपासणीचा. वऱ्हाडातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘डिप्टीसाहेब’ अजून आहेत. आज त्यांच्या जागी केंद्रप्रमुख आहेत, विस्तार अधिकारी आहेत, शेरेबुक आहे. तपासणी मुळातच वाईट असे म्हणणे सोपे आहे, पण इतिहास तसे सांगत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांवरची देखरेख अपुरी असल्याची तक्रार केली होती. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरचा उपयोग नाही, तपासणी वारंवार आणि कधीकधी आगाऊ न कळवता व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात खेड्यातल्या शाळांचा अभ्यासक्रम खेड्याच्या उपयोगाचा असावा, त्यात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, हीही मागणी होती. म्हणजे फुल्यांना तपासणी हवी होती ती शाळेची, मुलाला काय येते याची. न कळवता येणारा अधिकारी वर्ग पाहतो, कळवून येणारा अधिकारी वही पाहतो. आपल्या व्यवस्थेने फुल्यांच्या दोन मागण्यांपैकी तपासणी घेतली आणि तिचा रोख वर्गावरून वहीवर वळवला. खेड्याच्या उपयोगाचा अभ्यासक्रम तिथेच राहिला.

तिसरा धागा आपल्या अगदी घरचा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांच्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा केला. वर्धा आणि बुलढाणा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात होते. त्या आराखड्यात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे वेगवेगळे तुकडे नव्हते. मातृभाषा आणि समाजाचा अभ्यास हे दोन्ही मुलाच्या हातातल्या कामाशी आणि परिसराशी जोडायचे होते. नयी तालीम शाळांतून गेली. तिच्या मागे जाणे शक्य नाही, आणि तशी माझी सूचनाही नाही. पण भाषा आणि समाज हे विषय एकाच आठवड्यात एकमेकांना टाचता येतात, हा विचार विदर्भाला परका नाही, एवढे त्यावरून दिसते.

३

आता बुलढाणा जिल्ह्याकडे वळू. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा बोलताना लोक दोन भागांत वाटतात: घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद. पीक वेगळे, पाणी वेगळे, बोलीचा हेलही वेगळा. सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनसंस्था हा विषय आहे, भूगोलात भूरूपे आहेत, मराठीत भाषेची विविधता आहे. पण ‘घाट’ हा शब्द, ज्याने जिल्ह्यातले प्रत्येक मूल आपला पत्ता सांगते, मला पाहिलेल्या टाचणांत भेटला नाही.

इतिहासाचे तेच. वर दिलेल्या सरासरी पानात मराठी सत्तेचा विस्तार आहे, म्हणजे त्यात निजाम येणारच. निजामाचे राज्य कुठे उभे राहिले? १७२४ च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खन त्याच्या हाती आले. ती लढाई झाली साखरखेर्ड्याला, सिंदखेडराजा तालुक्यात. हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया या जिल्ह्याच्या मातीत घातला गेला. त्याच सत्तेने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मुलाच्या आजोबांच्या जुन्या कागदांवर ‘मध्यप्रदेश’ का लिहिले आहे, याचे उत्तर या साखळीत आहे. पुस्तकाने प्रत्येक जिल्ह्याची अशी साखळी द्यावी ही अपेक्षा चुकीची ठरेल. पुस्तक साऱ्या राज्याचे असते. राज्याचे पुस्तक आणि गावचा वर्ग यांच्यामध्ये दोरा घालण्याचे काम टाचणाचे आहे, आणि ते होत नाही.

अशी ठिकाणे मोजकी नाहीत. आठवीत ब्रिटिश राजवटीचे आर्थिक परिणाम शिकवताना खामगाव आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला भाव आणला आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा छोटा फाटा आला. ‘कच्चा माल’ हा पाठ्यपुस्तकी शब्द तिथल्या मुलाने गाडीत भरलेला पाहिलेला असतो. भूगोलात लोणार आहे, बेसॉल्ट खडकात उल्काघाताने झालेले सरोवर, २०२० पासून रामसर स्थळ. अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी आहे. पाऊस-पिकाचे भाकीत ऐकायला लोक जमतात आणि त्यावर आक्षेपही घेतले जातात. भाकीत आणि पुरावा यांत फरक काय, एखाद्या वाक्याची खात्री कशी करायची, हा भाषेचा आणि समाजशास्त्राचा एकत्र तास इथे सहज उभा राहतो. त्यासाठी परंपरेची टिंगल करण्याची गरज नाही. भाकितातली वाक्ये लिहून घ्यायची आणि दिवाळीपर्यंत वहीत ठेवायची, एवढे पुरे आहे.

साहित्यातही हा जिल्हा रिकामा नाही. ‘शीळ’ लिहिणारे ना. घ. देशपांडे सिंदखेडराजाचे, आणि त्यांनी आयुष्यभर वकिली केली ती मेहकरात. ‘बारोमास’ लिहिणारे सदानंद देशमुख याच जिल्ह्यातले. त्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न मिळाल्याने शेतीत अडकलेला तिचा नायक एकनाथ आज सातवीत बसलेल्या मुलांच्या घरातलाच कुणी काका आहे. कवी-लेखक आपल्यासारख्याच गावात राहतात, आपल्यासारखेच बोलतात, ही गोष्ट भाषेच्या तासाला मुलाला कळणे म्हणजे काय, हे साहित्याच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

४

बोलीचा प्रश्न इथे अधिक टोकदार होतो. ‘मले’, ‘तुले’ म्हणणाऱ्या मुलाच्या वाक्याखाली तांबडी रेघ येते, पण ‘मले’ आणि ‘मला’ यांचा तक्ता फळ्यावर मांडून दोन्हींतला प्रत्यय शोधण्याचा तास टाचणात येत नाही. तसा तास घेतला तर मुलाला प्रमाण मराठी लवकर येते, कारण काय बदलायचे ते त्याला दिसते.

आणि मराठीच्याही पलीकडे एक गोष्ट आहे. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या काही वस्त्यांत निहाली बोलली जाते. कोरकूचा आणि इतर शेजारच्या भाषांचा तिच्यावर मोठा प्रभाव आहे, पण तिचा मूळ शब्दसाठा जगातल्या कोणत्याही भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेला नाही. भाषाशास्त्रज्ञ तिला एकाकी भाषा म्हणतात. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अलीकडे म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिच्यावर काम केले आहे. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. म्हणजे जिच्यासाठी दूरदूरचे विद्वान येतात ती भाषा बुलढाणा जिल्ह्यातल्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली असू शकते.

टाचणात अध्ययन निष्पत्तीचा रकाना आहे, साहित्याचा आहे, मूल्यमापनाचा आहे. ‘वर्गात घरी कोणत्या भाषा बोलल्या जातात’ असा रकाना नाही. तो छापून द्यावा असे मी म्हणत नाही, कारण छापला की त्यातही ठरीव वाक्य येईल. पण ज्या पानात शिक्षक स्वतःसाठी लिहितो, तिथे ही नोंद पहिल्याच आठवड्यात आपोआप येईल. न कळणाऱ्या मुलाला कळावे कसे, हा प्रश्न त्या शिक्षकाला रोज भेडसावत असतो. आजचे टाचण त्याला तो प्रश्न लिहू देत नाही. टाचणाच्या रूपावर माझा मुख्य आक्षेप आहे तो हा. एखाद्या वर्गाच्या पूर्वतयारीत त्या वर्गातली मुलेच दिसत नसतील, तर त्या लेखनाला पूर्वतयारी म्हणता येत नाही.

५

यावर शिक्षकांचे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खरे आहे. वेळ कुठे आहे? म्हणूनच छापील टाचणे विकली जातात, व्हॉट्सअ‍ॅपवर आयती फिरतात आणि वहीत उतरवली जातात. त्याबद्दल शिक्षकाला दोष देणाऱ्याने आधी कायदा वाचावा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन तास सांगितले आहेत. शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे असेही म्हटले आहे, आणि त्या ४५ तासांत पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत. हिशेब सोपा आहे. १००० तास २२० दिवसांत वाटले तर दिवसाला साडेचार तास पडतात, सहा दिवसांचे सुमारे २७. उरतात १८ तास. मूल्यमापन, वह्या तपासणे, पालकांशी बोलणे हे सगळे वजा केले तरी तयारीला आठवड्याला काही तास कायद्यानेच दिलेले आहेत. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत, असेही हाच कायदा म्हणतो. हे तास ऑनलाइन माहिती भरण्यात, निरनिराळ्या अभियानांच्या छायाचित्रांत आणि अहवालांत जात असतील, तर त्याचा जाब वहीला विचारण्यात अर्थ नाही.

याच अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी भाषेचा एक आणि सामाजिक शास्त्रांचा एक असे शिक्षक असावेत असे म्हटले आहे. लहान पटाच्या शाळांत हे दोन्ही विषय, आणि आणखीही काही, एकाच्याच वाट्याला येतात. ही अडचणच आहे. पण ती आहेच, तर निदान तिच्यातून एक फायदा निघू शकतो: दोन विषयांची दोन टाचणे न लिहिता आठवड्याचे एक लिहिता येते.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांच्या बाजूचा. चौकट काढली तर काहीजण काहीच लिहिणार नाहीत. शक्य आहे. पण चौकटीमुळे आज जे लिहिले जाते, त्यातून कोण तयारी करून आला आणि कोण नाही, हे तपासणाऱ्यालाही कळत नाही. दोघांचे पान सारखेच दिसते. खरे तर चौकट त्या आळशी शिक्षकाला झाकते आणि मन लावून शिकवणाऱ्याचा वेळ खाते.

नुसती मोकळी जागा देऊनही भागत नाही, याचा अनुभव राज्याने नुकताच घेतला. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांत विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली आणि दोन वर्षांत ती पद्धत मागे घेतली गेली. कोऱ्या पानावर काय लिहायचे हे आदल्या दिवशी कुणीतरी ठरवलेले असावे लागते.

जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एक पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून पाहतात आणि नंतर आराखडा दुरुस्त करतात. त्या आराखड्यात एक महत्त्वाचा भाग असतो: या प्रश्नाला मुले काय काय म्हणतील याचा अंदाज. त्यात चुकीची उत्तरेही आधीच मांडलेली असतात. आपल्याकडे केंद्र पातळीवर शिक्षण परिषद भरतेच. तिच्यात सूचना वाचून दाखवण्याऐवजी एक टाचण वाचले गेले, तर टाचणाला सहकारी हा वाचक मिळेल. वर्ग कसा असतो हे त्याला ठाऊक असते, म्हणून त्याच्यापुढे ठरीव वाक्य टिकत नाही.

६

समीक्षकाने केवळ दोष काढू नयेत म्हणून एक पान मीही मांडून पाहतो. सातवी, इतिहास आणि मराठी मिळून एक आठवडा, शाळा घाटावरची.

सोमवार. फळ्यावर दोन नावे: साखरखेर्डा, फतेहखेर्डा. प्रश्न: एकाच गावाची दोन नावे कशी झाली असतील? मुले म्हणतील: चुकून, जुने-नवे, कुणीतरी बदलले. तिन्ही उत्तरे लिहून ठेवायची. मंगळवार. १७२४ ची गोष्ट, नकाशावर हैदराबाद, औरंगाबाद, साखरखेर्डा. लढाई जिंकल्यावर निजामाने गावाला फतेहखेर्डा नाव दिले. प्रश्न: मग आज आपण कोणते नाव घेतो, आणि ते कुणी टिकवले? बुधवार, मराठीचा तास. आपल्या गावाचे, वाड्यांचे, शेतांचे नाव घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायचे, त्यासाठी पाच प्रश्न लिहायचे. आजीला विचारताना वाक्य कसे असेल आणि सरपंचांना विचारताना कसे? गुरुवार. उत्तरे वर्गात. आजीने जे शब्द वापरले तेच लिहायचे, बदलायचे नाहीत. मग शेजारी प्रमाण मराठीत. शुक्रवार. पुस्तकातला पाठ उघडायचा: पालखेड, निजाम, बाजीराव. आता निजाम कोण हे सांगावे लागणार नाही. शनिवार. एक परिच्छेद: ‘माझ्या शेताचे नाव.’ आणि खाली शिक्षकाच्या हातची एक ओळ: काय जमले नाही.

या पानात नवे काही नाही. सामग्री एक फळा, एक नकाशा आणि गावातली म्हातारी माणसे. पुस्तकातला घटक पूर्ण होतो, निष्पत्तीचा क्रमांक हवा असेल तर तोही कोपऱ्यात घालता येतो. फरक इतकाच आहे की प्रश्न लिहिलेले आहेत, मुलांची संभाव्य उत्तरे लिहिलेली आहेत, आणि शेवटी एक ओळ भूतकाळात आहे. आजच्या टाचणातून भूतकाळ पूर्ण हद्दपार झाला आहे. ‘करतील’ असे दहा वेळा येते, ‘केले’ एकदाही नाही. शनिवारची ती एक ओळ पुढच्या वर्षी त्याच शिक्षकाच्या, किंवा बदली होऊन आलेल्या दुसऱ्याच्या, हाती पडली तर तिचे मोल सगळ्या रकान्यांहून अधिक आहे.

बदलीचा उल्लेख मुद्दाम केला. जिल्हा परिषदेचा शिक्षक काही वर्षांनी दुसऱ्या गावी जातो आणि त्या गावाबद्दल त्याने जमवलेले सारे त्याच्याबरोबर जाते. टाचणवह्या मात्र शाळेत राहतात. त्या खऱ्या लिहिल्या गेल्या असत्या, तर १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यापासून आजवर प्रत्येक गावाच्या शाळेत त्या गावाचा, त्याच्या बोलीचा आणि त्याच्या मुलांच्या प्रश्नांचा एक दस्तऐवज तयार झाला असता. इतका मोठा, इतका तपशीलवार आणि इतक्या हातांनी लिहिलेला दस्तऐवज मराठीत दुसरा नसता. आज तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यांत तो नाही, आणि हे साहित्याचेही नुकसान आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. केंद्रप्रमुखांनी वही मागितली तर जरूर मागावी, पण सही करण्यापूर्वी एवढेच पाहावे की या पानावर एक तरी प्रश्न पूर्ण लिहिलेला आहे का, आणि मागच्या आठवड्याबद्दल एक तरी ओळ आहे का. त्या दोन गोष्टी असतील तर बाकीचे रकाने कोरे असले तरी चालतील. शिक्षकांनी समासातले पेन्सिलीचे लिखाण शाईने, पानाच्या मध्यभागी लिहावे. ते खोडू नये.